खऱ्या नकारांची बेरीज

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात पिवळी चौकट उमटली आणि यंत्राने आपला नेहमीचा प्रश्न केला: मुशी आहे काय? किनाऱ्यावरच्या मनोऱ्यात बसलेल्या दुर्गेश तोडणकराने हातातला चहाचा पेला खाली ठेवण्याचीही तसदी घेतली नाही. चौकटीतला काळसर डाग लांबट होता, सरकत होता, आणि त्याच्या एका अंगाला शेपटीसारखे टोकही आलेले होते. समुद्राची सवय नसलेल्या माणसाने ती आकृती पाहताच आरोळी ठोकली असती. दुर्गेशने मात्र त्या डागाच्या कडा विसविशीत होताना पाहिल्या, मध्येच चांदीचा वर्ख उचकटावा तशी एक लखलख पाहिली, आणि अंगठ्याने 'नाही' दाबले. तो तारलीचा, त्या लहानशा रुपेरी मासळीचा, थवा होता. तारली उन्हात कूस बदलते तेव्हा अशीच लखलखते.

"दादा, काय विचारता रे तुझा मशीन?" वॉकीटॉकीवर त्याच्या धाकट्या बहिणीचा, चैतालीचा, आवाज आला. खाली वाळूत ती आपल्या शिष्यांना ओळीने उभे करून सर्फिंगच्या फळीवर कसे झोपावे ते शिकवीत होती.

"तारली गो. जा तू, तुझ्या बदकांका घेवन."

"बदकां म्हणा नको. त्यांतली दोघां डॉक्टर आसत."

"डॉक्टर पाण्यात पडलो काय बदाकच."

खालून हसण्याचा एक लोट वर आला. मग चैताली पुढे आणि तिच्या मागे ती सारी मंडळी फळ्या काखेत मारून पाण्यात शिरली. मनोऱ्यावर पांढरा बावटा फडकत होता. पांढऱ्या बावट्याचा अर्थ मुरवेळच्या किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होता: समुद्र वरून पाहिलेला आहे, खुशाल उतरावे.

हा बावटा तेथे कसा आला हे सांगणे प्राप्त आहे. मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या मुखाशी वसलेले मुरवेळ हे मासेमारांचे गाव. समुद्र तापू लागला तशी खोल पाण्यातील मासळी आपले ठाव सोडून काठाकडे सरकली, आणि तिच्या मागोमाग मुशीही सरकली. मालवणी मुलखात जिला मोरी म्हणतात आणि पाहुणे शार्क म्हणतात, तीच ही. तिच्या अनेक जाती निरुपद्रवी. पण एक बोथट तोंडाची, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातही बेलाशक शिरणारी जात तशी नव्हे. कमरभर पाण्यात उभा राहून पागाचे जाळे फेकणारा एक मासेमार तिने नेला. पुढच्या वर्षी सांगलीहून आलेला एक नवरदेव नेला. मग वर्तमानपत्रे आली, मंत्री आले, आणि शेवटी एका कंपनीचे ड्रोन आले.

आकाशातून समुद्राची राखण करणे ही कल्पना ऐकायला जितकी सोपी, तितकी ती करायला सोपी नाही. पाणी प्रकाश गिळते, आणि त्यात गाळ असला तर अधिकच अधाशीपणाने गिळते. दूरच्या प्रवाळबेटांच्या नितळ पाण्यात कित्येक पुरुष खोलीवरचा मासा वरून दिसतो; खाडीच्या तोंडाशी हातभर खालचे दिसले तरी नशीब. त्यातून लाटांची चकाकी, ढगांच्या सावल्या, शेवाळ, आणि माशांचे थवे. ड्रोनचा कॅमेरा डोळ्याला न दिसणारे रंगही टिपत असे, आणि त्याच्या मागे बसलेले यंत्र लाखो चित्रांवर शिकविलेले होते. तरीही ज्याची खात्री वाटत नाही अशा प्रत्येक डागापाशी ते थांबे आणि माणसाला विचारी. माणसाने दिलेले 'होय' किंवा 'नाही' ते साठवी, आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाची उत्तरे पचवून स्वतःला थोडे बदलून घेई. कंपनीच्या माहितीपत्रकात यालाच 'स्थानिक शहाणपणाचा स्वीकार' असे म्हटले होते.

पहिल्या हंगामात हा स्वीकार झालेला नव्हता, तेव्हाची गंमत गाव अजून सांगते. यंत्र सावली दिसली की भोंगा वाजवी. पहिल्या दिवशी माणसे किंचाळत बाहेर पळाली. आठवडा सरता सरता भोंगा झाला की पाण्यातले लोक वर पाहून हात हलवू लागले. हॉटेलवाल्यांचे पुढारी बावकरशेठ कंपनीच्या माणसांना म्हणाले, "तुमचं यंत्र शार्कला घाबरवतंय की गिऱ्हाइकांना?" तेव्हा कंपनीने रापणकरांच्या घरांतून निरीक्षक नेमले. रापण म्हणजे काठावरून ओढायचे अजस्र जाळे. अर्धे गाव एका दोराला लागते आणि अर्धे दुसऱ्या. ज्याचे बालपण त्या दोरापाशी गेले तो पाण्याच्या रंगावरून मासा ओळखतो. दुर्गेश त्यांतला अग्रणी होता. त्याचे 'नाही' कधी खोटे ठरले नाही. त्याच्या हाताखाली यंत्र शहाणे झाले, वायफळ प्रश्न थांबले, आणि तिसऱ्या हंगामात भोंगा जवळजवळ मुका झाला. किनारा भरून वाहू लागला. चैतालीने नोकरी सोडून सर्फिंगची शाळा काढली ती याच भरवशावर. ती लोकांना सांगे, "वर ड्रोन आहे, आणि ड्रोनच्या वर माझा दादा आहे."

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी भिवा तांडेलाची रापण लागली. भिवाकाका हे दुर्गेशच्या वडिलांच्या जोडीने दोर ओढलेले गृहस्थ. गावात त्यांच्या तोंडाला कोणी लागत नसे. तारली काठाला भिडली होती, आणि ड्रोन नेमका वरून घिरट्या घालीत होता. पडद्यावर दुर्गेशला थवा दिसत होता, थव्याभोवती आवळत जाणारे जाळे दिसत होते. यंत्र शांत होते. जाळ्याचे पोट वाळूला लागले, माणसे गुडघाभर पाण्यात धावली, आणि एकाएकी ती तितक्याच वेगाने मागे फिरली.

दुर्गेश मनोऱ्यावरून उतरून धावत गेला. रुपेरी तारलीच्या राशीत, माणसाच्या दीडपट लांबीची, बोथट तोंडाची मुशी शेपटीचे फटके मारीत होती.

"ये, ये रे निरीक्षका!" भिवाकाकांनी त्याला पाहताच आवाज चढविला. "तुझ्या त्या उडत्या कावळ्याक सांग, मोरी हय आसा! पत्तो लिवन देव काय?"

दोरावरचे सगळे हसले. दुर्गेशलाही हसावे लागले. पण त्याची नजर त्या राखी पाठीवरून हटेना. ती पाठ गेला अर्धा तास त्याच्या पडद्यावर, त्याच्या डोळ्यांसमोर फिरत होती, आणि तिच्याविषयी यंत्राने त्याला एका शब्दाने विचारले नव्हते.

त्याने कंपनीला कळविले. चार दिवसांनी पुण्याहून शार्दूल खासनीस नावाचा अभियंता आला. तिशीतला, मृदू बोलणारा, सारे खरोखर समजून घेणारा माणूस होता तो. त्याच्यावर रागावण्याची सोय नव्हती. तपासाची युक्तीही त्यानेच काढली. मुशीच्या आकाराच्या, राखी रंगविलेल्या प्लायवूडच्या फळ्या त्याने करवून घेतल्या, आणि भिवाकाकांची मिनतवारी करून, रापणीत थवा कोंडला गेला की त्या फळ्या जाळ्यात सोडण्याची परवानगी मिळविली. "लाकडाची मोरी खातत काय रे पुण्यात?" असे विचारून भिवाकाकांनी होकार दिला.

मोकळ्या पाण्यात सोडलेल्या फळ्या यंत्राने चटचट दाखविल्या. थव्यात सोडलेल्यांपैकी एकही दाखविली नाही. दुर्गेशला मात्र पडद्यावर त्यांतल्या निम्म्याहून अधिक दिसल्या. प्रत्येक वेळी तो बोट ठेवून "ही बघा" म्हणे.

संध्याकाळी मनोऱ्यावर खासनीस बराच वेळ आकडे पाहत बसला. मग म्हणाला, "तोडणकर, तुमची सगळी उत्तरं मी तपासली. एकही चुकलेलं नाही."

"मग यंत्र आंधळं कशानं झालं?"

"त्या उत्तरांनीच." खासनीसने चष्मा काढला. "असं बघा. यंत्राला तारली म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याला फक्त एवढं ठाऊक आहे की अमुक प्रकारची दाणेदार, लखलखती पार्श्वभूमी असली, की आत कसलाही काळा आकार असो, तोडणकर 'नाही' म्हणतात. हजारो वेळा म्हणालेत. तेव्हा ते शिकलं, की अशा पार्श्वभूमीवर विचारणंच व्यर्थ. तुम्ही त्याला तारली ओळखायला शिकवलीत असं आपल्याला वाटलं. त्यानं तारली असेल तिथे न बघणं शिकून घेतलं."

"आणि मुशी तर तारलीच्याच मागे येते."

"हो," खासनीस म्हणाला. "दुर्दैवानं."

एकेक नकार खरा असावा आणि त्यांची बेरीज मात्र खोटी यावी, हे दुर्गेशच्या रापणकरी हिशेबात बसत नव्हते. जो मनुष्य खोटे बोलतो त्याला निदान कोठून मागे वळावे हे कळते. येथे वळणार कोठून?

"परत शिकवा त्याला," तो शेवटी म्हणाला.

"काय दाखवून? थव्यातल्या मुशीची चित्रं जगात फार थोडी आहेत, आणि गढूळ पाण्यातली तर नाहीतच. ती जमवायला एक हंगाम जाईल. तोवर यंत्राची भीड चेपवून ते प्रत्येक थव्यापाशी ओरडेल असं करता येतं. पण मग पहिला हंगाम आठवा. पुन्हा दिवसभर भोंगा, पुन्हा हात हलवणारे लोक." तो घुटमळला. "तोपर्यंत थव्यांकडे तुम्ही स्वतः बघा. शंका आली तर लाल बावटा लावायचा अधिकार तुम्हाला आहेच."

"फळ्या दिसल्याच मला."

"दिसल्या," खासनीस म्हणाला. "पण त्या आत आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं."

हे वाक्य दुर्गेशने ऐकले. ते मनात ठेवून घेतले नाही, इतकेच.

दुसऱ्या दिवशी त्याने लाल बावटा लावला. तारली काठाला होती. तिसऱ्या दिवशीही होती, म्हणून तिसऱ्या दिवशीही लावला. मुरवेळच्या जुन्या रिवाजाप्रमाणे हे योग्यच होते: तारली काठाला लागली की रापण वर येईपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही, पोरासोरांनीदेखील नाही. त्या रिवाजाचे कारण कोणी कधी सांगत नसे. तो पाळला जाई, एवढेच. पांढरा बावटा आल्यापासून तो कोणी मोडला असे नव्हे. तो हळूहळू कोणाच्या लक्षात राहिला नाही.

चौथ्या दिवशी बावकरशेठ स्वतः मनोरा चढून आले, धापा टाकीत. "तोडणकरानू, शार्क दिसली?"

"नाही."

"मग लाल कशाला? न दिसलेल्या शार्कसाठी मी हॉटेलं बंद ठेवू? तुमच्याच बहिणीची शाळा रिकामी बसलीय, तिला तरी विचारा."

तिला विचारण्याची वेळ आली नाही. दुपारी तिनेच त्याला शाळेवर बोलावून घेतले. शाळेच्या झापाच्या खोपीत, फळ्यांना मेण लावीत ती बसली होती. समोरच्या बाकावर दुर्गेश. सारा प्रकार त्याने तिला पहिल्यांदाच नीट सांगितला. ती ऐकत राहिली. हात थांबले नाहीत.

"म्हणजे मशीनाक दिसणा नाय."

"थव्यात नाय दिसणा."

"आणि तुका?"

या प्रश्नाला एक उत्तर असे होते की, ठाऊक नाही. ते उत्तर खरे होते. पण ते द्यायचे म्हणजे तीन हंगाम ज्या भरवशावर सारे गाव पाण्यात उतरले, ज्या भरवशावर या पोरीने आपले आयुष्य मांडले, तो भरवसा रिकामा होता असे कबूल करायचे. शिवाय थव्यात सोडलेल्या लाकडी मुशी त्याला दिसल्या होत्या. खरोखरच दिसल्या होत्या.

"माका दिसतली," तो म्हणाला.

चैतालीने मान वर केली. "नक्की? माका बरा वाटूक सांगा नको हां. उद्या नवी तुकडी येता. सगळी पोरां नववी-दहावीतली आसत. त्यांका मी लाटेच्या पलीकडे नेतंय."

"पूर्वी खंय नेय होतंस पलीकडे?"

"पूर्वी तू नाय होतंस वर." ती हसली. "दादा, त्या जुन्या माणसांच्या डोक्यावर आभाळ होता नुसता. माझ्या डोक्यावर तू आसंस. तू नको म्हणशीत तर मी शाळा बंद करतंय, आत्ताच्या आत्ता. भिवाकाकाचो दोर ओढीन. पण तू सांग."

अशा बोलण्यात जो विश्वास असतो तो माणसाला फार उंच नेऊन ठेवतो, आणि तेथून खाली पाय टाकण्याचे धैर्य थोड्यांनाच होते. दुर्गेशने फळीवरच्या मेणावरून बोट फिरविले.

"जा तू," तो म्हणाला. "मी बघतंय."

पांढरा बावटा पुन्हा चढला, आणि पुढचे सात-आठ दिवस तो तसा बसला, जसा पूर्वी कधी बसला नव्हता. चहा बंद. बोलणे बंद. पडद्यापासून हातभर अंतरावर डोळे, भोंग्याच्या लाल गुंडीवर डावा तळवा. यंत्र गप्प असे. थवे येत, जात, कूस बदलत, लखलखत. डोळे चुरचुरू लागले तरी तो पापणी लववीत नसे. मनुष्याची नजर ही मात्र अशी गोष्ट आहे की, ती न मिळणाऱ्या वस्तूचा शोध फार काळ करीत नाही. शोधण्याचे सोंग ती दीर्घकाळ वठवू शकते, आणि ते सोंग आहे हे नजरेच्या मालकाला सुद्धा कळत नाही. शेकडो थवे पाहिले आणि शेकडो थव्यांत केवळ तारली होती. यंत्राला जे हजार वेळा सांगितले गेले, ते दुर्गेशलाही तितक्याच वेळा सांगितले गेले होते. फरक एवढाच की, यंत्राला ते त्याने सांगितले होते. आणि त्याला कोणी सांगितले, हा प्रश्न त्याच्या मनात आला नव्हता.

त्या दिवशी ऊन स्वच्छ होते. चैताली आपली तुकडी घेऊन फुटत्या लाटांच्या पलीकडे गेली होती. फळ्यांवर पालथ्या पडलेल्या मुली वरून तांदळाच्या दाण्यांसारख्या दिसत होत्या. त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये तारलीचा मोठा डाग पसरला. दुर्गेश पुढे वाकला. डाग लांबला, आखडला, आणि केसांत भांग पाडावा तसा मधोमध दुभंगला. त्या भांगातून एक गडद पट्टी सरकत गेली. दुर्गेशने ती पाहिली. थवा घडी घालतोय, असे त्याच्या मनाने शांतपणे सांगितले. आणि यंत्राने कोणताही प्रश्न विचारलेला नसताना त्याच्या उजव्या अंगठ्याने सवयीने 'नाही'ची जागा चाचपली.

चैताली शेवटच्या मुलीची फळी लाटेवर ढकलून देत होती. मुलगी लाटेवर चढली, उभी राहिली, दोन्ही हात पसरून आनंदाने ओरडली असावी. तेवढ्या उंचीवरून आवाज येत नाही. तिच्यामागे चैतालीची फळी रिकामी हलत होती.

मग फेस आला. दुर्गेशने भोंगा दाबला, आणि तो दाबलेला असताना, ओरडत जिना उतरताना, पाण्यात धावताना, त्याला एकच गोष्ट कळत होती: भोंगा वाजत होता आणि अर्धे लोक वर पाहून हात हलवीत होते.

त्या मुलींनीच तिला बाहेर आणले. प्रणोती धुरी, चैतालीच्या हाताखाली शिकविणारी पोरगी, हिने फळीचा पट्टा सोडून तिची मांडी आवळली, म्हणून गोव्याच्या इस्पितळापर्यंत ती जिवंत पोहोचली. डावा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

शस्त्रक्रिया चालू असता बाहेरच्या बाकावर दुर्गेशच्या फोनवर कंपनीचा संदेश आला. घटनेचे चित्रण जोडलेले होते, आणि खाली नेमाप्रमाणे तोच प्रश्न होता: मुशी आहे काय? चित्रणात भांग पडला, भांगातून गडद पट्टी सरकली. आता ती इतकी उघड मुशी होती की तिला दुसरे काही कोणी कसे समजेल, असा प्रश्न पडावा. डोके, पाठ, शेपूट. ती पडद्यावर बराच वेळ होती. 'नाही' दाबले असते तर प्रकरण गढूळ पाण्याच्या नावे मिटले असते, आणि वरून दिसणारी एकही मुशी आजवर सुटली नाही हे कंपनीचे म्हणणेही शाबूत राहिले असते. बाकावर त्याच्या बाजूला कोणी नव्हते. त्याने 'होय' दाबले.

दुसऱ्या सकाळी खासनीसचा फोन आला. "तुम्ही खरं उत्तर दिलंत. मला ठाऊक आहे ते सोपं नव्हतं."

"यंत्र शिकलं?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"तेच चित्रण आज त्याला पुन्हा दाखवलं," खासनीस म्हणाला. "गप्पच राहिलं. हजारो नकारांपुढे एक होकार. त्याच्या दृष्टीनं ती नजरचूक असते, तोडणकर. ते अशा एकट्यादुकट्या उत्तराला मुद्दाम फारशी किंमत देत नाही. नाहीतर एखाद्या दिवशी निरीक्षक झोपेत असला तर सगळं शिक्षण बिघडेल."

"म्हणजे मी आता खरं बोललो ते झोपेत."

"त्याच्या दृष्टीनं," खासनीस म्हणाला.

चौकशीला फार दिवस लागले नाहीत. समितीत प्राध्यापक होते, अधिकारी होते, बावकरशेठही होते. राखणीने मुरवेळ सुरक्षित झाले की नाही, हे ठरविता येत नाही असे प्राध्यापकांनी प्रामाणिकपणे सांगितले: राखणीपूर्वी हल्ले विरळ, राखणीनंतरही विरळ, एवढ्याशा घटनांवरून ना गुण सिद्ध होतो ना दोष. ज्याचा दोष सिद्ध होत नाही ते बंद कशाला करायचे, असे अधिकाऱ्यांनी विचारले. एकच गोष्ट निर्विवाद सिद्ध झालेली होती आणि ती दुर्गेशने स्वतःच्या अंगठ्याने सिद्ध केली होती: मुशी पडद्यावर स्पष्ट दिसत असता माणसाने ती ओळखली नाही. खासनीसने बैठकीत दोनदा हात वर केला. त्याला लेखी म्हणणे द्यायला सांगण्यात आले. निष्कर्ष मानवी चुकीचा निघाला, आणि मानवी चूक टाळण्याचा जो सरळ उपाय तो समितीने केला. निरीक्षकाचे पद रद्द झाले. जे यंत्र दुर्गेशच्या हातून न बघणे शिकले होते, ते आता एकटेच बघणार होते.

चैतालीला बोलण्याइतकी शक्ती आली तेव्हा इस्पितळाच्या खिडकीतून दुपारचे ऊन तिच्या पांघरुणावर पडले होते. जेथे पाय असायचा तेथे ते सपाट पडले होते. दुर्गेश तिला पेज भरवीत होता.

"दादा, एक विचारू? खरा सांगशीत?"

"सांगतंय."

"तुका दिसली होती?"

चमचा वाटीत राहिला. "दिसली होती."

"मगे?"

"माका तारली वाटली."

तिने डोळे मिटले. ती रडेल असे त्याला वाटले, निदान शिव्या तरी देईल. दोन्हींची त्याला गरज होती. तिने दोन्हींतले एकही केले नाही.

"तुका झोप लागली होती म्हणान सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर बरा झाला असता. झोप लागता माणसाक. मी माफ केलं असतंय." मग काही वेळाने, "मी वर बघून हात हलयलंय तुका. फळी ढकलताना. तां दिसला?"

"नाय."

"म्हणजे तेवढाच दिसूक नाय."

बाहेरच्या व्हरांड्यात कोणीतरी स्ट्रेचरची चाके खडखडवीत गेले. चैतालीने डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर एकाएकी जो भाव आला, तो दुर्गेशला प्रथम कळला नाही.

"आता थंय कोण बसता?"

"कोण नाय. मशीन एकटाच आसा."

"बावटो?"

"पांढरो."

"आणि शाळा?"

शाळा प्रणोती चालवीत होती. तारली असेल तेव्हा पाण्यात उतरू नको, असे त्याने तिला दोनदा सांगून पाहिले होते. दुसऱ्या खेपेस तिने, फार आदराने, असे विचारले होते की, दादा, तुम्ही आता तिथे नसाल तर मग भीती कसली? चूक तुमची होती असं सगळेच म्हणतात ना?

"दादा, माझी पोरां आज पाण्यात आसत?"

"तारली काठाक आसा," तो म्हणाला. त्याला उत्तर म्हणून एवढेच देता आले.

चैतालीने उशाखालून फोन काढला. त्याने मदत करायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. नंबर लावून तिने फोन कानाशी धरला. खोली इतकी शांत होती की पलीकडची घंटी दुर्गेशलाही ऐकू येत होती. ती वाजून वाजून थांबली. तिने पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली.

"उचल गो," ती म्हणाली. "प्रणोती, उचल." मग ती तुकडीतल्या पोरींचे नंबर एकामागून एक लावू लागली.

दुर्गेशला त्या वेळेचा किनारा डोळ्यांसमोर दिसत होता: भरतीच्या पाण्याची रेघ, तिच्या वर कोरड्या वाळूत ओळीने मांडलेल्या चपला, टॉवेल, पिशव्या, आणि पिशव्यांच्या आत एकामागून एक उजळणारे फोन. पाण्यात उतरताना फोन कोणी बरोबर नेत नाही.